कासव, हत्तींची जोडी की गणपती: घरात कोणतं शिल्प, कुठे आणि कशाचं?

घरात एखादंच शिल्प ठेवायचं म्हटलं की निवड बहुधा या तिघांत येऊन थांबते. दिशेचा विचार नंतर करा. ती वस्तू पूजेत जाणार की नुसती मांडून ठेवणार, हे आधी ठरवा, कारण दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

पूजेच्या मूर्तीला मापाचं बंधन आहे. मत्स्यपुराणात घरातली प्रतिमा अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंतच सांगितली आहे. वीत म्हणजे १२ अंगुळं, साधारण ९ इंच. प्रतीक म्हणून मांडलेल्या कासवाला किंवा हत्तीला हे माप लागू नाही. तिथे वास्तुशास्त्राप्रमाणे बघायचं ते वजन: ईशान्य हलकी आणि मोकळी, नैऋत्य जड, मधलं ब्रह्मस्थान रिकामं. दुकानदार दिशा तोंडपाठ सांगतो, वजनाचं मात्र बोलत नाही. दगडी हत्ती ईशान्येला नेऊन ठेवले जातात ते त्यामुळेच.

कासव

तिघांत सर्वांत कमी जागा आणि सर्वांत कमी सोपस्कार कासवाला लागतात. आपल्याकडच्या देवळांत सभामंडपाच्या फरशीत गाभाऱ्यासमोर कासव असतं, तोंड देवाकडे. घरात देव्हारा असेल तर त्यासमोर तसंच ठेवावं. या मांडणीवर कुणाचा वाद नाही.

‘कासव उत्तरेलाच’ हा आग्रह मात्र बराचसा फेंगशुईतून आला आहे. कासव हे उत्तरेचं रक्षक, ही चिनी परंपरा. आपल्या दिक्पालांत, म्हणजे दिशांच्या रक्षक देवतांत, उत्तर कुबेराची. (तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूकही तिकडचाच, त्याला वास्तुशास्त्रात शोधू नये.) ईशान्येला पाणी हे मात्र आपल्या वास्तुशास्त्रातलं. म्हणून पाण्यात ठेवायचं तर ईशान्य आणि कोरडं ठेवायचं तर देव्हाऱ्यासमोर, हे आम्हाला पटतं.

पाण्यातल्या कासवाचं रोजचं काम असतं. थाळी पसरट हवी आणि पाणी फक्त पाय बुडतील इतकं. पाणी रोज बदला, थाळी आतून घासा. आठवडाभर तसंच राहिलं की डासांच्या अळ्या होतात. पितळी कासवावर पाण्याच्या रेषेला आधी क्षारांचा पांढरा पट्टा येतो, मग हिरवट. थाळी तांब्याची असेल तर हे लवकर होतं, कारण दोन धातू ओल्यात एकमेकांना लागले की पितळातलं जस्त आधी झिजतं आणि तिथे तांबूस डाग उरतात. थाळी काचेची किंवा दगडी घ्या. घेताना कासव उलटं करून पोट बघा. पोकळ असून खाली भोक असेल तर पाणी आत साचून वास मारतं.

हत्तींची जोडी

पूर्वेचा स्वामी इंद्र, त्याचं वाहन ऐरावत, आणि आठ दिशांच्या आठ हत्तींत, म्हणजे दिग्गजांतही, पूर्वेला तोच. त्यामुळे पूर्वाभिमुख दार असेल तर उंबरठ्याच्या आत दोन बाजूंना हत्ती शोभतात आणि नियमातही बसतात. जड, दगडी जोडी असेल तर दिवाणखान्याचा नैऋत्य कोपरा बरा.

सोंड वरच हवी, या हट्टापायी पैसे वाढवू नका. गजलक्ष्मीचे हत्ती सोंड उंचावतात ते तिला अभिषेक करायला. एरवीच्या हत्तीला ती अट नाही. खरी अडचण जागेची. दार पूर्ण उघडल्यावर दोन्ही बाजूंना वीतभर तरी मोकळं राहायला हवं, नाहीतर पहिला टवका सोंडेचा किंवा सुळ्याचा उडतो. फ्लॅटच्या अरुंद पॅसेजमध्ये जोडीचा नाद सोडावा.

गणपती

इथे शिल्प आणि दैवत यांतली रेघ पुसट होते. चौकटीवरची गणेशपट्टी ही सर्वांत सोपी वाट: रोजची पूजा लागत नाही, दाराला तोरण बांधताना फूल वाहिलं तरी पुरतं. उजव्या सोंडेच्या मूर्तीचं सोवळं कडक मानतात, तेव्हा घरात रोज निगुतीनं करणारं कुणी नसेल तर डावी सोंड घ्या. उजवी-डावी मूर्तीच्या बाजूनं धरायची, बघणाऱ्याच्या नव्हे. भेट म्हणून आलेले गणपती साठत जातात हा आणखी एक घोळ. एका घरात तीन गणपती पूजेत नसावेत, असं जुनं वचन आहे. जास्तीचे वेळीच कुणाला देऊन टाका.

कामधेनू आणि नंदी यांबद्दल थोडक्यात: नंदी शिवाच्या समोर असतो, तेव्हा पिंडीशिवाय एकटा नंदी घेण्यात फारसा अर्थ नाही. वासरासह कामधेनू पूजेच्या खोलीत चालते, पण बाजारात ती बहुतेक रेझिनची मिळते.

कशाचं घ्यावं?

रोज हात लागणार, पाणी लागणार तर पितळ किंवा काळा पाषाण. पितळाला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. भरीव म्हणून विकलेल्या छोट्या वस्तूची परीक्षा घरीही होते: वजन ग्रॅममध्ये घ्या, काठोकाठ भरलेल्या भांड्यात ती बुडवून सांडलेलं पाणी मिलिलिटरमध्ये मोजा आणि भागाकार करा. साडेआठच्या आसपास आलं तर पितळ, पावणेतीनच्या जवळ आलं तर अॅल्युमिनियम. चिंचेनं घासल्यावर लगेच धुऊन कोरडं पुसा. आंबटाचा अंश खाचांत राहिला की दुसऱ्या दिवशी डाग दिसतात. लॅकर (चकाकी टिकवणारा पारदर्शक थर) मारलेल्या पितळाला चिंच लावूच नका, थर ठिकठिकाणी सुटतो.

संगमरवर देखणा, पण हळद, कुंकू आणि तेल शोषून घेतो. लिंबानं तर त्याची झिलईच जाते. काळ्या पाषाणाला तेल मानवतं. सागवानी किंवा शिसवी शिल्प उन्हात आणि ओलीच्या भिंतीला नको. रेझिन उन्हात पिवळं पडतं आणि निरांजनाच्या धगीनं मऊ होतं, त्यामुळे देव्हाऱ्याजवळ ते ठेवू नये. प्लास्टरचं काही घेऊच नका.

दिशा मोजताना

फोनचा होकायंत्र लोखंडी कपाटाजवळ, फ्रिजजवळ किंवा चुंबकाच्या कव्हरमध्ये चुकतो. कव्हर काढा, घराच्या मध्यावर उभे राहा, तीन वेळा वाचन घ्या. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा ती दुरुस्ती लागत नाही. ईशान्य म्हणजे नेमके ४५ अंश नव्हे, साडेबावीस ते साडेसदुसष्टपर्यंतचा सगळा पट्टा. त्या पट्ट्यात संडास-बाथरूम आलं असेल तर त्याच्या भिंतीला टेकवून काही मांडू नका. कासव सरळ देव्हाऱ्यासमोर न्या.