एमएसडब्ल्यू, मानसशास्त्र की तीन महिन्यांचा कोर्स? व्यसनमुक्तीत काम करायचं असेल तर

बी.ए.चे निकाल लागले की दर जूनमध्ये मला दोन-चार फोन येतात. यंदाचा पहिला यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगाव तालुक्यातून आला. "ताई, दारू सोडवणाऱ्या काउन्सेलरचं लायसन कुठं भेटते? किती पैसे लागते त्याले?" मुलगी समाजशास्त्र घेऊन पदवीधर झालेली, घरी तीन एकर कोरडवाहू कापूस, वडील पिणारे. तिला फोनवर तुकड्या-तुकड्यानं जे सांगितलं, ते इथं सलग लिहिते आहे. मी स्वतः एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेतलेली, आणि बारा वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक, तेव्हा माझा कल कुठं झुकतो ते तुम्हाला आधीच कळलेलं बरं.

असं लायसन आपल्याकडे नाही. डॉक्टर, नर्स, वकील यांची जशी नोंदणी असते, तशी 'व्यसनमुक्ती समुपदेशक' या नावाची सनद भारतात मिळत नाही. हा शब्द मोबाइलवर अमेरिकेची माहिती वाचून येतो. तिकडे राज्याराज्यांचे नियम वेगळे. मिनेसोटा राज्यात दारू आणि ड्रग्जच्या समुपदेशकाला पदवी लागते, त्यात या विषयाचे किमान २७० तासांचे वर्ग लागतात आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली ८८० तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. त्यानंतर परीक्षा. त्यातला ८८० हा आकडा मला फार आवडतो. दिवसाचे ८ तास धरले तर ११० दिवस होतात. एवढे दिवस कुणीतरी मागे बसून तुमच्या चुका पाहिलेल्या असतात. इकडच्या प्रत्येक वाटेला मी हेच माप लावते: यात कुणाच्या तरी नजरेखाली पेशंटसमोर किती तास बसायला मिळतं?

सनद नाही याचा अर्थ कायदा नाही असा मात्र कुणी काढू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दारू आणि मादक पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. या कायद्याखाली राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तिघांची नोंदणी होते: क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर, म्हणजे मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता. नुसत्या 'समुपदेशका'चं त्यात नाव नाही. २०२१ मध्ये अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेत काम करणाऱ्या इतरांचा, कायदा आला. त्याच्या यादीत समुपदेशक आणि समाजकार्यकर्ते आहेत, आणि अलाइड व्यावसायिकाचं शिक्षण किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं हवं असं त्यात म्हटलं आहे. वारा कुठून कुठं वाहतो आहे ते यावरून दिसतं. आज तीन महिन्यांच्या कागदावर कुठंतरी खुर्ची मिळतही असेल, पण तिच्या भरवशावर पुढची तीस वर्षं काढायचा बेत आखू नका.

मानसशास्त्र आणि समाजकार्य

खरी निवड या दोघांत आहे, आणि सगळ्यात जास्त फसगतही इथंच होते.

एम.ए. मानसशास्त्र केलं की आपण सायकॉलॉजिस्ट झालो, असं पोरांना वाटतं. गावात तसं म्हणतातही. पण 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वसन परिषदेनं, म्हणजे आरसीआयनं, मान्य केलेला अभ्यासक्रम आणि तिच्या नोंदवहीतला क्रमांक लागतो. आतापर्यंतची रूढ वाट म्हणजे एम.ए. नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. जागा थोड्या, प्रवेशपरीक्षा कडक, आणि दोन वर्षं घरी एक रुपया पाठवता येत नाही. त्यात एम.फिल. ही पदवीच बंद होते आहे. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांपुरती यूजीसीनं तिला २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली होती. यापुढे कॉलेज कुठल्याही नव्या नावाचा कोर्स सांगो, तुम्ही एकच विचारायचं: आरसीआयची मान्यता याच वर्षाची दाखवा.

दुसरा खड्डा दूरशिक्षणाचा. शेत सांभाळून, लेकरू सांभाळून घरबसल्या एम.ए. मानसशास्त्र करणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्या. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला यूजीसीनं मनाई केली आहे. तरी कुणी एजंट फॉर्म घेऊन दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि फॉर्म परत द्या.

माझं माप लावलं, तर आरसीआयची वाट सगळ्यांत भरते. दोन वर्षं रोज वॉर्डात आणि डोक्यावर शिकवणारा माणूस, म्हणजे ८८० तास पहिल्या वर्षातच मागे पडतात. नुसत्या एम.ए.ला मात्र हे माप लागूच पडत नाही. काही ठिकाणी दोन-चार केस लिहून प्रॅक्टिकलची वही भरली की संपलं.

आता एमएसडब्ल्यू. दोन वर्षं. विदर्भात समाजकार्याची कॉलेजं चांगली जुनी आणि घराजवळची आहेत: नागपुरात तिरपुडे आणि मातृसेवा संघाची संस्था, यवतमाळला सावित्री जोतिराव, गडचिरोलीला फुले-आंबेडकर. या शिक्षणाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य, ज्याला सगळे फील्डवर्कच म्हणतात. साधारण आठवड्याचे दोन दिवस, १५ तास. सत्राचे १५ आठवडे आणि चार सत्रं धरून हिशेब करा, ९०० तास होतात. मिनेसोटाच्या आकड्याला जाऊन भिडतात! पण हे तास कुठं घालवले त्याला मोल आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते बालवाडीत तक्ते रंगवण्यात आणि ग्रामपंचायतीत सर्व्हे भरण्यात घालवले. त्यात वाईट काही नाही, फक्त दारुड्यासमोर बसायला ते कामाला येत नाही.

एमएसडब्ल्यूची दुसरी उणीव मी स्वतः भोगली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक पेशंट तिसऱ्या दिवशी चादरीवरचं काहीतरी वेचायला लागला. चादरीवर काहीच नव्हतं. घाम फुटलेला, हात थरथरत होते. मला वाटलं घरी जायचं म्हणून नाटक करतोय, आणि मी त्याला समजावत बसले. आमच्याकडे रात्रपाळीला एक दादा होते, स्वतः नऊ वर्षं सोबर. ते धावत आले. "ताई, बोलणं ठेवा, गाडी काढा. याले भास होऊन राह्यले." वर्षानुवर्षांची दारू एकाएकी तुटली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, झटके येऊ शकतात, वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस जातो. एमएसडब्ल्यूत मी गटकार्य आणि समुदाय संघटनावर पानंच्या पानं लिहिली होती. हे कुठल्याच पानावर नव्हतं. पेशंट वाचला तो त्या दादांमुळे.

निव्वळ एमएसडब्ल्यू झालेला माणूस २०१७ च्या कायद्याच्या अर्थानं सायकियाट्रिक सोशल वर्कर होत नाही. त्यासाठी एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांचं मनोविकार समाजकार्याचं एम.फिल. कायद्यात सांगितलं आहे, आणि ते बंद होण्याची गोष्ट वर आलीच. तरी खेड्यातल्या कामाला मी एमएसडब्ल्यूच वरचढ धरते. आमच्याकडे पेशंट एकटा येत नाही. सोबत बायको असते, सावकाराचं किंवा बचतगटाचं कर्ज असतं, पोराची सुटलेली शाळा असते. पोळ्याच्या करीला सगळं गाव पीत असताना हा कोरडा कसा राहील, हा प्रश्न चार भिंतींच्या आतल्या थेरपीनं सुटत नाही. त्यासाठी त्याच्या घरी जावं लागतं, भावाशी बोलावं लागतं. हे करायची सवय एमएसडब्ल्यू लावतं.

नर्सिंगकडे कुणी पाहत नाही

खरं तर पाहायला हवं. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांना कायद्यातली 'मानसिक आरोग्य परिचारिका' ही जागा खुली आहे. सायकियाट्रिक नर्सिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा जोडला तर उत्तमच. बारावीत विज्ञान असेल आणि घरी लवकर पगार हवा असेल, तर मी हीच वाट सुचवते. समुपदेशनाचं कौशल्य मागाहून येतं, पण नाडी-बीपी पाहता येणारा माणूस केंद्रात पहिल्या दिवसापासून लागतो.

स्वतः सावरलेल्यांची वाट

त्या रात्रपाळीच्या दादांसारखे लोक आमच्या क्षेत्राचा अर्धा भार वाहतात. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या पुनर्वसन केंद्रांत व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठी पीअर एज्युकेटर अशी वेगळी जागाच असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या सभांत वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला पेशंटचं खोटं अर्ध्या वाक्यात कळतं, आम्हाला महिना लागतो. पण या वाटेवर बढती नाही. पदवी नसेल तर समुपदेशकाच्या जागेला अर्जच चालत नाही, मग तुम्हाला कितीही कळत असो. म्हणून सोबर होऊन दोनेक वर्षं झाली असतील आणि वय हाताशी असेल, तर मुक्त विद्यापीठातून का होईना, पदवी सुरू करा. पहिल्याच वर्षात कामाला लागू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते. दुसऱ्याची तलफ दिवसभर ऐकून स्वतःची जागी झालेले दोघे मी पाहिले आहेत.

छोटे कोर्स

माझ्या मावसभावानं चांगले पैसे मोजून सहा महिन्यांचा 'आंतरराष्ट्रीय' डिप्लोमा केला. सोनेरी शिक्का, तीन देशांचे झेंडे. सरकारी भरतीत कागदपत्रं तपासताना तो बाजूला काढून ठेवला गेला, कारण मूळ पदवी वाणिज्य शाखेची होती. कोर्स खोटा नसेलही. तो पदवीच्या जागी बसवायला गेला, तिथं फसला.

पदवीच्या वर जोडायला मात्र काही प्रशिक्षणं मोलाची आहेत. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे ऑनलाइन कोर्स, दिल्लीच्या राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेची प्रशिक्षणं, पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र, जे १९८६ पासून हेच काम करतं आहे. कोलंबो प्लॅन या अनेक देशांच्या संघटनेची आयकॅप नावाची, व्यसनमुक्तीत काम करणाऱ्यांसाठीची परीक्षाही काहीजण देतात. अभ्यासक्रम चांगला आहे, पण ती पास झाल्यानं भारतात कायद्यानं कुठला हक्क मिळत नाही.

जागा कुठं निघतात

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि सायकियाट्रिक सोशल वर्करची पदं असतात. बहुतेक अकरा महिन्यांचं कंत्राट. जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षात समुपदेशक आणि समाजकार्यकर्ता असतो. खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, मुलखात ते काम दारूपेक्षा हलकं आहे असं समजू नका, खर्रा सोडायला तयार झालेला माणूस मला दारू सोडणाऱ्यापेक्षा कमी वेळा भेटला आहे. अनुदानित केंद्रांत पदवीधराला शिरकाव सोपा, पण अनुदान उशिरा आलं की पगारही उशिरा. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाचं काम गावपातळीवर चालतं. ज्याला खोलीत बसण्यापेक्षा गावसभेत बोलायला आवडतं, त्यानं ते जाऊन पाहावं.

जिल्ह्याजिल्ह्यानं काम बदलतं, हे कुठल्या अभ्यासक्रमात नाही. वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात ती २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदीच्या जिल्ह्यातला पेशंट "कुठून आणता?" विचारलं की तोंड मिटतो, कारण उत्तरात गुन्हा असतो, कधी शेजाऱ्याचा, कधी सख्ख्या साल्याचा. यवतमाळच्या पेशंटला तोच प्रश्न विचारला, तर तो दुकानाचा पत्ता, उधारी आणि पव्व्याचा भाव सांगून मोकळा होतो.

खासगी निवासी केंद्रात रुजू होणार असाल, तर मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणीपत्र भिंतीवर आहे का ते आधी पाहा. नसेल, आणि पेशंटला घरून बांधून उचलून आणायची पद्धत असेल, तर पगार कितीही सांगोत, निघून या. उद्या काही झालं तर केसपेपरवर सही तुमची असेल.

मला कुणी "तू कुठली वाट धरशील" असं विचारलंच, तर: घरची ओढाताण नसेल आणि अभ्यासाची चिकाटी असेल तर आरसीआयमान्य क्लिनिकल सायकॉलॉजी. विज्ञान घेऊन बारावी असेल तर नर्सिंग. बाकी आमच्याकडच्या बहुतेक मुलामुलींसाठी घराजवळचं एमएसडब्ल्यू, पण प्रवेश घेण्याआधी विचारून घ्यायचं की मागच्या वर्षी किती मुलांना व्यसनमुक्ती केंद्रात किंवा मनोरुग्णालयात फील्डवर्क मिळालं. एकालाही नसेल तर दुसरं कॉलेज. निव्वळ एम.ए. मानसशास्त्र मी यात धरत नाही.

मारेगावच्या मुलीनं यवतमाळचं कॉलेज पाहायचं ठरवलं. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "म्हंजे ताई, शिकली की बाबाले मीच समजावून सांगू शकीन ना?"

तिला नाही म्हणावं लागलं. घरच्या माणसाचा समुपदेशक आपण होत नाही, मी माझ्या दिराची केसही दुसऱ्याकडे दिली होती. तिला १४४४६ हा व्यसनमुक्तीचा हेल्पलाइन नंबर लिहून घ्यायला लावला आणि मंगळवारी आईला घेऊन यायला सांगितलं. बाबा नाही आले तरी चालेल, आईची फाइल आपण वेगळी उघडतो.