सिमेंट पत्र्यांच्या शेडवर वापरलेला उंचीवरचा सुरक्षासंच : पावसाळ्यासह काही महिन्यांचा अनुभव

चाकण आणि भोसरी परिसरातील कारखान्यांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याचे काम आमची एक लहान तुकडी करते. गेल्या दिवाळीनंतर आम्ही कमरेचे जुने पट्टे बाद केले आणि पूर्ण शरीराचे हार्नेस, शॉक अ‍ॅब्झॉर्बर असलेल्या दोन हुकांच्या दोऱ्या, आपोआप गुंडाळला जाणारा फॉल अरेस्टर, हूक अडकवण्यासाठी छपरावर ताणण्याची आडवी लाइफलाइन, हत्यारे बांधण्याच्या दोऱ्या आणि हनुवटीला पट्टा असलेली हेल्मेटे असा संच घेतला. उत्पादकांची नावे देत नाही, कारण पुढील बहुतेक निरीक्षणे नावापेक्षा वस्तूच्या प्रकाराला लागू पडतात.

हार्नेसविषयी तक्रार कमी आहे. कमरेचा पट्टा पडणाऱ्या माणसाचा सगळा धक्का पोटावर व मणक्यावर घेतो, तर हार्नेस तो मांड्या, छाती आणि खांद्यांवर वाटून देतो. आयएस ३५२१ (भारतीय) आणि ईएन ३६१ (युरोपीय) या दोन्ही मानकांची खूण असलेलाच माल आम्ही निवडला. अडचण मापाची आली. सर्वांना चालेल अशा एकाच मापाचा हार्नेस आमच्या सडपातळ हेल्परांना सैल पडत असे आणि छातीचा पट्टा सरकत गळ्यापर्यंत येत असे. लहान माप वेगळे मागवल्यावरच हा प्रश्न सुटला. एप्रिल-मे महिन्यांत मांड्यांचे पट्टे घामाने काचतात आणि मग मुले ते सैल करून ठेवतात. मांडीला जाड पॅड असलेला प्रकार थोडा महाग असला तरी उन्हाळ्यात तोच अंगावर नीट राहतो.

खरा विचार हार्नेसपाशी संपत नाही, तेथून सुरू होतो. दुकानदार सर्वसाधारणपणे २ मीटर लांबीची शॉक अ‍ॅब्झॉर्बर असलेली दोरी सोबत देतो आणि ग्राहक निश्चिंत होतो. हा अ‍ॅब्झॉर्बर म्हणजे घडी घालून शिवलेली पट्टी. पडताना तिची शिवण उसवत जाते आणि शरीरावरील धक्का ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६०० किलो वजनाच्या, आत राहतो. परंतु युरोपीय मानकानुसार ती १.७५ मीटरपर्यंत लांबू शकते. दोरीचे २ मीटर, अ‍ॅब्झॉर्बरचे १.७५, हार्नेसच्या पाठीवरील डी-रिंगपासून (दोरी अडकवण्याच्या कडीपासून) पायापर्यंतचे सुमारे १.५ आणि सुरक्षिततेसाठी १ मीटर धरले, तर हूक लावलेल्या जागेखाली सव्वासहा मीटर मोकळी जागा हवी. आमच्या कामाच्या अनेक शेडमध्ये पत्र्याखाली दोन-अडीच मीटरवरच ईओटी क्रेनचा, म्हणजे छताखाली फिरणाऱ्या क्रेनचा, गर्डर (आडवी तुळई) असतो. तेथे पायाजवळच्या पर्लिनला (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीला) हूक लावून काम करणारा माणूस सर्व नियम पाळूनही गर्डरवर आदळेल. त्यामुळे या दोऱ्या आम्ही आता शिडी चढताना आणि उंच मोकळ्या परांचीवरच वापरतो. तेथे मात्र दोन हूक असण्याचा फायदा मोठा आहे. एक सोडण्यापूर्वी दुसरा अडकवता येतो आणि माणूस क्षणभरही मोकळा राहत नाही.

छपरावर फॉल अरेस्टर उपयोगी पडला. मोटारीच्या सीटबेल्टप्रमाणे हळू ओढल्यास त्याची तार सुटते आणि झटका बसताच अडकते. हा ठोकळा डोक्यावर टांगला तर पडणारा माणूस २ मीटरच्या आत थांबतो, पण उतरत्या पत्र्यावर तो छपराच्या माथ्याजवळ, माणसाच्या पायांच्या पातळीला असतो आणि तार पत्र्याच्या कडेवरून खाली जाते. म्हणून आडव्या वापरासाठी आणि धारदार कडेवर चाचणी झाल्याचा उल्लेख माहितीपुस्तिकेत आहे का, हे खरेदीपूर्वी वाचावे. आम्ही पाहिलेल्या स्वस्त प्रकारांत तो नव्हता. बाजूला फार लांब गेल्यास पडणारा माणूस लंबकासारखा झोके घेत खांबावर आपटू शकतो. त्यामुळे प्रत्येक दोन-तीन रांगांनंतर ठोकळा सरकवावा लागतो, आणि याचा कामाच्या वेगावर परिणाम होतो हे मान्य करायला हवे.

आडव्या लाइफलाइनबाबत फिटर मंडळींचा आग्रह असा असतो की ती तारेसारखी ताठ हवी. येथे गणित उलटे चालते. मध्यभागी पडणाऱ्या भाराखाली दोरी दोन्ही टोकांकडे केवळ ५ अंशांनी झुकली, तर टोकांवर त्या भाराच्या पावणेसहा पट ओढ येते. ६ किलोन्यूटनचे ३४ होतात. पातळ झेड-पर्लिनवर एवढा भरवसा ठेवता येत नाही. आम्ही टोके ट्रसला (छपराच्या मुख्य सांगाड्याला) बांधतो, तेही कारखान्याच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी मान्यता दिल्यावरच, आणि टोकाशी अ‍ॅब्झॉर्बर असलेली कापडी पट्ट्याची लाइफलाइन वापरतो. तिचा झोळ मात्र खालच्या मोकळ्या जागेच्या हिशेबात धरावा लागतो. माझे स्पष्ट मत असे की खर्चाला मर्यादा असेल तर साधा प्रमाणित हार्नेस घ्यावा आणि वाचलेले पैसे अँकर (हूक वा दोरी अडकवण्याची पक्की जागा) व लाइफलाइनवर घालावेत.

सिमेंटच्या पत्र्याबाबत तर हार्नेस हा दुसरा बचाव आहे. पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टच्या रांगेवरून चालले की खाली पर्लिन असते, ही समजूत अर्धवट आहे, कारण पाय एक वीत घसरला तरी पत्रा फुटतो. उजेडासाठी बसवलेले पारदर्शक पत्रे धुळीने इतरांसारखेच दिसू लागतात आणि ते सर्वांत धोकादायक असतात. वर चढण्यापूर्वी शेडच्या आतून पाहून त्यांच्या जागा नकाशावर टिपणे आणि वर गेल्यावर किमान दोन-तीन पर्लिनवर टेकणाऱ्या फळ्यांवरूनच चालणे, हे दोन उपाय कोणत्याही महाग उपकरणाआधी येतात. पावसाळ्यात पत्र्यावर शेवाळ धरते आणि वाऱ्यात सव्वादोन मीटर लांबीचे पॅनेल शिडासारखे ओढते. अशा दिवशी आम्ही काम थांबवतो.

हत्यारांच्या दोऱ्या मी काहीशा अनिच्छेने घेतल्या होत्या, पण रोजच्या उपयोगात सर्वांत जास्त समाधान त्यांनीच दिले. खाली कारखाना चालू असतो आणि टेप बांधून जागा अडवली तरी फोर्कलिफ्ट तेथून जातेच. अर्धा किलोचा पाना १० मीटरवरून पडला तर जमिनीजवळ त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर आणि ऊर्जा सुमारे ४९ जूल असते. ईएन ३९७ मानकात हेल्मेटची चाचणीही नेमकी तेवढ्याच ऊर्जेने, म्हणजे ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकून, घेतली जाते. म्हणजे त्याहून उंच शेडवरून तोच पाना पडला तर चाचणीची मर्यादा ओलांडली जाते, आणि खांद्याला तर हेल्मेट नसतेच. हलकी हत्यारे कमरेच्या पट्ट्याला आणि ड्रिल मशीनसारखी जड हत्यारे माणसाऐवजी सांगाड्याला बांधावीत. ड्रिलची बॅटरी वेगळी बांधावी लागते, हे विक्रेता सांगत नाही. गुंडाळीच्या दोऱ्या उन्हाने लवकर सैल पडल्या आणि क्लॅम्पमध्ये अडकू लागल्या. आखूड इलॅस्टिक पट्ट्या अधिक चांगल्या. नट-बोल्टसाठी तोंड आवळता येणारी पिशवी पुरते, आणि शर्टाच्या खिशातील मोबाइल खाली ठेवूनच वर जावे.

हेल्मेटच्या पट्ट्याविषयी एक बारकावा आहे. ईएन ३९७ नुसार तो १५० ते २५० न्यूटन ओढीत सुटावा लागतो, म्हणजे कशात अडकल्यास गळफास बसू नये. गिर्यारोहणाच्या ईएन १२४९२ मानकात तो ५०० न्यूटनपर्यंत टिकावा लागतो, म्हणजे पडताना हेल्मेट डोक्यावरच राहते. छपरावरच्या माणसांना आम्ही दुसऱ्या प्रकाराची हेल्मेटे देतो.

देखभालीत अपेक्षेपेक्षा जास्त वेळ जातो. पट्ट्यांवर मार्कर, रंग वा सॉल्व्हंट लागू देऊ नये. लेबल उन्हाने फिके होते, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा फोटो काढून क्रमांक नोंदवहीत लिहावा. पावसाळ्यानंतर एका फॉल अरेस्टरची तार संथपणे आत जाऊ लागली. तो स्वतः उघडणे धोक्याचे असल्यामुळे अधिकृत दुरुस्तीला पाठवला आणि परत येण्यास कित्येक आठवडे लागले. तोवर अर्धी तुकडी खाली जोडणीच्या कामावर ठेवावी लागली. दुसरा ठोकळा जादा ठेवण्याचा खर्च आता पुढील अंदाजपत्रकात धरला आहे. त्यासोबत लटकलेल्या माणसाला खाली घेण्याचा दोर-कप्पी संचही घेत आहोत, कारण हार्नेसमध्ये निश्चल लटकल्यास रक्त पायांत साठते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. हार्नेसला जोडलेल्या, पाय टेकवण्याच्या पट्ट्या थोडा वेळ मिळवून देतात. अग्निशमन दल पोहोचेपर्यंतचा वेळ त्या भरून काढतील असे मला वाटत नाही.