हिवाळी स्पितीसाठी बाईकला काय लावायचं: स्नो चेन की स्टड?

ठाण्यात पारा 16 वर आला की आपण कपाटातून स्वेटर काढतो, आणि आपल्यातलेच काही जण जानेवारीत बाईक घेऊन हिमाचलच्या स्पितीतल्या काझाला निघतात. मनालीकडून येणारी कुंझुम खिंड तेव्हा बंद असते, त्यामुळे नारकंडा, रेकाँग पिओ, नाको हीच वाट. तिकीट काढून झालं असेल, गाडी रेल्वेने चंदिगडला पाठवायचीही ठरली असेल आणि आता चाकाला काय लावायचं इथे गाडं अडलं असेल, तर दोन्ही वापरलेल्या माणसाचं हे मत. पटलं तर घ्या.

स्नो चेन म्हणजे टायरभोवती गुंडाळायची साखळी, आणि स्टड म्हणजे टायरच्या रबरात बसवायचे टोकदार खिळे. चेनची बाजू आधी मांडतो, तिच्यावर अन्याय नको. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर मागच्या चाकावरची चेन गाडी जशी ओढून काढते, तसं स्टडला जमत नाही. स्टडला रुतायला कडक काहीतरी लागतं. मऊ बर्फात ते नुसते गरगरतात. शिवाय चेनसाठी टायरला भोकं पाडावी लागत नाहीत. चारचाकीवाल्यांनी तर पुढचं वाचूच नये, सरळ चेन घ्यावी. बर्फ पडल्यावर मनालीहून अटल बोगद्याकडे सोडताना पोलीसही फोर-बाय-फोर आहे का, नाहीतर चेन आहे का, तेच विचारतात.

पण बाईकवर, आणि किन्नौर-स्पितीच्या रस्त्यावर, चेनचं एक दुखणं आहे जे इथे बसून कळत नाही. तिथे बर्फ सलग नसतो. उन्हातलं डांबर कोरडं ठणठणीत, पुढच्या सावलीतल्या वळणावर रात्री गोठलेल्या ओहोळाची काच, परत डांबर, परत काच. चेन कोरड्या डांबरावर फार वेळ चालवायची नसते. झिजून तुटते आणि सुटलेलं टोक स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, आपटतं. म्हणजे बर्फाच्या प्रत्येक पट्ट्याआधी उतरा, गाडी मेन स्टँडवर घ्या, हुक लावा, पन्नासेक मीटर जा, पुन्हा उतरा, हुक काढा. हुक असतो बारीक, जाड हातमोज्यात तो हाताला लागत नाही. मोजे काढावे तर उणे दहात गारठलेली कडी बोटाच्या कातड्याला धरून ठेवते. बोटं इतकी बधिर होतात की नंतर क्लच लिव्हर कुठे आहे ते मान वाकवून बघावं लागतं. दुपारपर्यंत आमच्यातला प्रत्येक जण ‘एवढासाच तर पट्टा आहे’ म्हणत चेन न लावता, दोन्ही पाय टेकवत जायला लागला होता. आणि बर्फ सगळ्यात निसरडा नेमका तेव्हाच असतो. पहाटेच्या कडक थंडीत रबराला थोडीफार पकड तरी मिळते. पारा शून्याजवळ आला की वर पाण्याचा पातळ थर धरतो आणि मग काही खरं नाही.

माझा कौल तिथेच स्टडच्या बाजूने पडला. पुढच्या चाकाचा मुद्दा नंतर सुचला, पण तोही लहान नाही. बहुतेक बाईकना पुढे मडगार्ड आणि फोर्कच्या मध्ये चेनपुरती जागाच नसते, त्यामुळे चेन मागेच बसते. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं गेलं की आपण गेलो. स्टड दोन्हीकडे बसतात.

स्टड घ्यायचे ते टंगस्टन कार्बाइडचं, म्हणजे सहज न झिजणारं कठीण टोक असलेले, पिळून बसवायचे. हार्डवेअरच्या दुकानातले पत्र्याचे स्क्रू स्वस्तात पडतात आणि गोठलेल्या तळ्यावर चालूनही जातील, पण डांबरावर त्यांची डोकी बघता बघता घासून जातात. या वाटेवर डांबर भरपूर आहे.

लांबी मात्र नीट बघून घ्या. टायरच्या खाचेत आगपेटीची काडी उभी घालायची आणि वर नखाने खूण करायची. स्टडचा रबरात जाणारा भाग त्या खुणेपेक्षा कमीच हवा, नाहीतर टोक ट्यूबपर्यंत पोचेल. टायरच्या मधल्या रबरी ठोकळ्यांवरचे ब्रेकसाठी, कडेचे वळणासाठी, दोन्ही लागतात. साबणाचं पाणी लावून, ड्रिल अगदी हळू ठेवून, सरळ उभे पिळायचे. मी कोपरीला बसून पहिले काही बसवून बघत होतो, तर पंक्चरवाला म्हणाला, “भाईसाब, हम दिनभर टायर से कील निकालते हैं, और आप डाल रहे हो?”

त्याचं चूक नव्हतं. कोरड्या डांबरावर स्टड लावलेली गाडी खडखडते, वळणात खालून सरकल्यासारखी वाटते आणि ब्रेक लागायला अंतर जास्त घेते. त्यामुळे हौस म्हणून घोडबंदर रोडवर चालवून बघू नका. रस्ताही उकरला जातो. स्टडमुळे उडणाऱ्या धुळीसाठी जपानला 1990 मध्ये खास कायदा करावा लागला. माझ्या मते पिओपर्यंत साध्या टायरवर जावं आणि तिथे मुक्कामी बसून स्टड पिळावेत. परत येताना तिथेच काढावेत. टायर जुना, पण ठोकळे शाबूत असलेला घ्यावा, म्हणजे भोकांचं वाईट वाटत नाही.

राहिला ताज्या बर्फाचा प्रश्न, जिथे चेन जिंकते. खरं सांगायचं तर एवढा बर्फ पडलेला असताना बाईक बाहेर काढूच नये. बीआरओचं (सीमेवरचे रस्ते सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेचं) मशीन रस्ता साफ करून जाईपर्यंत होमस्टेत बुखारीपाशी, म्हणजे शेगडीपाशी, बसावं. त्यानंतर जो दाबलेला, गोठलेला थर उरतो, तो स्टडचाच. तरीही मागे माणूस आणि भरपूर सामान असेल, किंवा सोबत बॅकअप जीप असून चेन लावायला दोन जादा हात मिळणार असतील, तर चेनला मी नाही म्हणणार नाही.

स्टड घ्यायचे ठरले तर दिवाळी झाली की लगेच मागवा, ठाण्यातल्या टायरवाल्यांकडे ते मिळत नाहीत. बसवायचं टूल एक जादा घ्या आणि ते जॅकेटच्या खिशात ठेवा, कारण सैल झालेला स्टड रस्त्यावरच घट्ट करावा लागतो.