गोळ्या नियमित घेण्यासाठी पैसे द्यावेत का?

ट्रस्टच्या दवाखान्याकडे थोडा निधी जमला की हा प्रश्न हमखास येतो. बीपी-शुगरचे पेशंट मधेच गोळ्या सोडतात. नियमित घेणाऱ्यांना महिन्याला काही रक्कम द्यावी का? माझं मत आधीच सांगतो. उपचाराला शेवट असेल तर जरूर द्यावी. गोळी जन्मभराची असेल, तर तोच पैसा बक्षिसाऐवजी औषधावर खर्च करावा.

रोख रकमेचा परिणाम होतो, यात शंका नाही. इंग्लंडमध्ये गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांना ठरल्या तारखेच्या प्रत्येक इंजेक्शनमागे १५ पौंड देऊन पाहिले. त्यांनी ८५ टक्के इंजेक्शनं घेतली. पैसे न मिळालेल्यांनी ७१ टक्के. वर्षभराने पैसे थांबले आणि दोन गटांतला फरकही गेला. आपल्याकडे निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला एप्रिल २०१८पासून महिना ५०० आणि नोव्हेंबर २०२४पासून १,००० रुपये थेट खात्यात मिळतात. पैसे आहारासाठी असले तरी उपचार चालू असेतोवरच मिळतात, आणि साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. तेवढे दिवस निभावलं की काम झालं. बीपीचं तसं नाही.

सोडतीची कल्पना ऐकायला आकर्षक वाटते: काल गोळी घेतली असेल तरच आज तुमचा नंबर सोडतीत. अमेरिकेत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १,५०९ जणांच्या अभ्यासात हे झालं. झाकण उघडल्याची नोंद ठेवणाऱ्या बाटल्या होत्या, गोळी चुकल्यास नातेवाइकाला निरोप जाण्याची सोयही होती. २०१७मध्ये निष्कर्ष आले: पुन्हा ॲडमिट होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही. इतका खटाटोप छोट्या दवाखान्याने करू नये.

औषधच मोफत देण्याचा फायदा छोटा वाटतो, पण आपल्याकडे तो जास्त उपयोगाचा आहे. अमेरिकेतल्याच एका मोठ्या चाचणीत हार्ट अटॅकनंतरची औषधं मोफत केली, तेव्हा ती घेण्याचं प्रमाण ४ ते ६ टक्क्यांनी वाढलं. म्हणजे फुकट मिळूनही अनेकांचं चुकतच राहिलं. तरीही महिनाअखेरीला मेडिकलच्या काउंटरवर उभं राहून पाहा. आजोबा पट्टी कापून पाचच गोळ्या मागतात, आणि कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचं नाव असतं, कधी नसतं. या माणसाला बक्षीस कशाला हवं? त्याला तीन महिन्यांचा साठा द्या, जनऔषधी केंद्राचा पत्ता द्या.

राहता राहिली सवय. तिला खर्च नाही, पण गोळीगणिक तिची जागा वेगळी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, म्हणून ती ब्रशशेजारी. शुगरची मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, म्हणून ताटाजवळ. बीपीच्या बऱ्याच गोळ्या कधीही चालतात; त्यांना चहाच्या डब्याशेजारी ठेवावं. मात्र वेळ फार कडक ठेवू नये. गूगलच्या कर्मचाऱ्यांना जिममध्ये जाण्यासाठी पैसे दिले, तेव्हा ‘ठरलेल्या दोन तासांतच या’ अशी अट असलेले, पैसे बंद झाल्यावर, कधीही येण्याची मुभा असलेल्यांपेक्षा कमी गेले. वेळ हुकली की दिवसच हुकायचा. व्यायाम आणि गोळी एक नव्हे, पण सकाळची राहिली तर केव्हापर्यंत घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून ठेवावं.

तरीही रोख द्यायचीच असेल, तर रोजच्या गोळीमागे देऊ नका. पुढचा साठा वेळेवर न्यायला आलेल्याला द्या. तारीख वहीत दिसते, रिकामी पट्टी कुणीही दाखवू शकतं. आणि जो येत नाही त्याला रकमेचं आमिष दाखवण्याआधी कारण विचारा. बीपीच्या गोळ्यांपैकी ॲम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. अशा माणसाने गोळी सोडली असेल, तर त्याला गोळी बदलून हवी असते.