काचमिश्रित सिरॅमिक फरशी: भाजणी उत्तम, माहिती अपुरी

टाकाऊ काचेची भुकटी मिसळून केलेल्या या फरशीचे खरे वैशिष्ट्य तिच्या भाजणीत आहे. पोर्सेलीनसाठी साधारण १२०० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर येथे फेल्डस्पार या खनिजाऐवजी काच वितळून कण सांधत असल्याने मिश्रण त्याहून कमी आचेवर घट्ट होते आणि इंधन वाचते. पृष्ठभाग नितळ असून पाणी मुरत नाही. रंगछटा पेटीगणिक किंचित बदलते, पण पुनर्वापराच्या कच्च्या मालात ते चालायचेच. कडा मात्र ठिसूळ वाटल्या. काच जास्त झाल्यास भाजताना फरशी वाकू शकते, म्हणून काचेचे प्रमाण आणि भाजणीचे तापमान वेष्टनावर छापायला हवे होते, त्याऐवजी ‘पर्यावरणस्नेही’ हे विशेषणच (तेही ठळक अक्षरांत!) वारंवार भेटते.