घर बदलत असताना पंचवीस टक्के प्रवेशाचा अर्ज: आरटीई ऑनलाइन प्रक्रियेचे एका पालकाने केलेले परीक्षण

शिक्षण हक्क कायद्यानुसार (आरटीई) खासगी विनाअनुदानित शाळांमध्ये राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी आम्ही २०२५-२६ या वर्षी आमच्या मुलीचा इयत्ता पहिलीचा अर्ज भरला. योगायोग असा, की त्याच महिन्यात आम्हाला भाड्याचे घर बदलावे लागले. या प्रक्रियेविषयी जी माहिती सर्वत्र मिळते, ती एकाच पत्त्यावर स्थिर असलेल्या कुटुंबासाठी लिहिलेली असते. घर बदलणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही सेवा कशी आहे, तिच्यात काय चांगले आहे आणि कुठे पाऊल घसरू शकते, हे सविस्तर लिहावे असे मला मनापासून वाटले.

आम्ही पुण्याजवळ दापोडीत राहत होतो. घरमालकांच्या मुलाचे लग्न ठरल्यामुळे त्यांनी डिसेंबरात जागा मागितली आणि जानेवारीअखेर आम्हाला बाहेर पडायचे होते. नवीन घर पवना नदीच्या पलीकडे, जुन्या सांगवीत मिळाले. इकडे प्रवेशाची ऑनलाइन नोंदणी जानेवारीच्या मध्यावर सुरू झाली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या दोन दिवसांपर्यंत चालली. म्हणजे अर्ज भरण्याचे दिवस आणि सामान हलवण्याचे दिवस नेमके एकच होते. आधारकार्डावर दापोडीचा पत्ता, शिधापत्रिकेवर गावचा पत्ता आणि प्रत्यक्ष राहायला जाणार सांगवीत, अशा तीन पत्त्यांमध्ये आम्ही अडकलो होतो.

पहिला प्रश्न होता, अर्ज कोणत्या पत्त्यावर भरायचा. जुन्या पत्त्याचा पुरावा हातात होता आणि तो वापरणे सोपे होते. ओळखीच्या दोन-तीन जणांनी तसेच करा, असा सल्लाही दिला. परंतु कागदपत्रांची पडताळणी अर्जाच्या वेळी होत नाही, ती सोडतीत नाव आल्यानंतर होते आणि तोपर्यंत आम्ही दापोडी सोडलेली असणार होती. दिलेल्या पत्त्यावर बालक राहत नसल्याचे आढळले तर प्रवेश रद्द होतो. मिळालेला प्रवेश रद्द होण्याचे दुःख हे न मिळण्याच्या दुःखापेक्षा मोठे असते, शिवाय खोट्या पत्त्यावर मुलीच्या शाळेचा पहिला दिवस उभा करणे आम्हा दोघांनाही पटत नव्हते. त्यामुळे नवीनच पत्ता द्यायचा असे ठरले.

भाड्याने राहणाऱ्यांसाठी नियम स्पष्ट आहे. भाडेकरार दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेला असला पाहिजे, तो अर्ज भरण्याच्या तारखेपूर्वीचा असला पाहिजे आणि त्याची मुदत किमान ११ महिन्यांची असली पाहिजे. नोटरीकडे शिक्का मारून घेतलेला करार चालत नाही. आमच्या परिसरात आजही निम्म्याहून जास्त करार नोटरीचेच असतील, असा माझा अंदाज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, हे मला स्वतःलाही या निमित्ताने कळले.

आमच्या नवीन घरमालकांनी करार १ फेब्रुवारीपासून करायचे ठरवले होते. मी त्यांच्याकडे जाऊन सगळे समजावून सांगितले आणि विचारले, "काका, करार पंधरा दिवस आधीपासून धरता येईल का? मुलीच्या शाळेचा प्रश्न आहे." ते म्हणाले, "ताई, धरू की, पण मग भाडेही तेव्हापासूनच द्यावे लागेल." त्यांचे म्हणणे रास्त होते. भाडे ९,००० रुपये असल्याने त्या अर्ध्या महिन्याचे ४,५०० रुपये आम्ही जुन्या घराच्या भाड्याव्यतिरिक्त भरले. या प्रवेशासाठी शासन एक रुपयाही घेत नाही हे खरे आहे, पण घर बदलणाऱ्या कुटुंबाचा खर्च असा बाजूने होतो आणि तो आधीच हिशेबात धरलेला बरा.

कराराच्या नोंदणीसाठी आम्ही घरी येऊन काम करणारा एक एजंट बोलावला. त्या सेवेविषयीही लिहिते. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठा घेण्याचे यंत्र घेऊन एक तरुण संध्याकाळी आला. घरमालक, मुलीचे बाबा आणि दोन साक्षीदार यांचे फोटो व अंगठे अर्ध्या तासात झाले. काकांच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असल्यामुळे यंत्र ठसा घेत नव्हते. त्याने न कंटाळता ओल्या रुमालाने त्यांचे बोट पुसून पाचव्यांदा प्रयत्न केला आणि तेव्हा ठसा उमटला. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरचे गृहीत व्याज यांच्या पाव टक्का असते. आमच्या भाड्याला ते अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात गेले आणि शहरी भागासाठीची नोंदणी फी १,००० रुपये झाली. त्याला दिलेल्या पैशांतली उरलेली रक्कम त्याची मजुरी होती आणि घरबसल्या काम झाल्यामुळे ती मला जड वाटली नाही.

मात्र त्याने टंकलेल्या मसुद्यात इमारतीच्या नावापुढे विंगचे अक्षर राहून गेले होते. आमच्या सोसायटीत तीन विंग आहेत आणि प्रत्येकीत त्याच क्रमांकाची सदनिका आहे. अंगठे देण्यापूर्वी मसुदा ओळ न् ओळ वाचण्याचा माझा हट्ट त्या वेळी सर्वांना थोडा त्रासदायक वाटला असेल, पण ती चूक तशीच नोंदली गेली असती तर पुढे पडताळणीत आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन दिवसांनी नोंदणी झालेला करार आणि त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स-२, म्हणजे नोंदणीचा सारांश) मोबाइलवर आली. ही सूची करारासोबत छापून फाइलमध्ये ठेवावी, कारण नोंदणीचा क्रमांक आणि तारीख तिच्यावर एका नजरेत दिसते.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. संकेतस्थळावरील अर्ज मराठीत आहे. बालकाचे नाव, जन्मतारीख, गट, पत्ता आणि शाळांची निवड अशा क्रमाने तो पुढे जातो. जास्तीत जास्त १० शाळा निवडता येतात. आम्ही वंचित गटातून (अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग इत्यादी) अर्ज केल्यामुळे वडिलांचे जातप्रमाणपत्र लागले, उत्पन्नाची अट नव्हती. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटातून अर्ज करणाऱ्यांना मात्र १ लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला लागतो. हा सर्व भाग सरळ आहे. खरी कसोटी नकाशाच्या पानावर आहे.

अर्ज भरताना आपले घर नकाशावर खूण सरकवून दाखवावे लागते आणि त्या खुणेपासूनच्या अंतरावर शाळांची यादी तयार होते: १ किलोमीटरच्या आतल्या, १ ते ३ किलोमीटरमधल्या आणि त्याहून दूरच्या. जागा देताना जवळच्यांना प्राधान्य असल्यामुळे ही खूण म्हणजे अर्जाचा प्राण आहे. आम्ही पहिला अर्ज एका सायबर कॅफेत भरून घेतला. तिथल्या मुलाने आधारकार्ड पाहून पत्ता शोधला आणि खूण दापोडीत ठेवली. पत्त्याच्या रकान्यात सांगवी लिहिले होते आणि खूण नदीच्या अलीकडे, जुन्या घरावर होती. रात्री सामान बांधता बांधता छापील प्रत हातात घेतली, तेव्हा आमच्या नवीन गल्लीच्या तोंडाशी असलेली शाळा १ किलोमीटरच्या बाहेरच्या गटात दिसली आणि माझ्या काळजात चर्र झाले.

येथे या प्रक्रियेची एक बाजू मला फार मोलाची वाटली. अंतिम मुदतीच्या आत चुकीचा अर्ज रद्द करून नवीन अर्ज भरता येतो. परंतु पहिला अर्ज रद्द न करता दुसरा भरला, तर एकाच बालकाचे दोन अर्ज झाल्यामुळे ते सोडतीत धरले जात नाहीत. कॅफेतला मुलगा "दुसरा भरून टाकू" असेच म्हणत होता. आम्ही भावाच्या घरी, मोठ्या पडद्यावर, आधी पहिला अर्ज रद्द केला आणि मग शांतपणे नवीन भरला. मोबाइलच्या लहान पडद्यावर बोटाचा जरासा स्पर्श झाला तरी खूण पुढच्या चौकात जाते, म्हणून हे पान संगणकावरच भरावे. नकाशा उपग्रह दृश्यावर ठेवला की इमारतीचे छप्पर ओळखता येते. आमच्या छपरावरच्या दोन निळ्या टाक्या दिसल्या, तेव्हाच मी पुढे गेले.

अंतराविषयी माझी एक तक्रार आहे आणि ती मी गांभीर्याने नोंदवते. हे अंतर हवाई अंतर असते. दापोडी आणि जुनी सांगवी यांच्यामध्ये पवना वाहते, त्यामुळे नदीपलीकडची शाळा नकाशावर अगदी जवळ दिसते, पण पहिलीतल्या मुलीला पूल गाठून वळसा घालत तिथे जायचे असते. आमच्या यादीत अशा दोन शाळा होत्या. सहा वर्षांचे मूल पक्ष्यासारखे उडून शाळेत जात नाही, ते रस्त्याने चालत जाते आणि नियमाने तो रस्ता मोजायला हवा. तोवर पालकांनी यादीतील प्रत्येक शाळेपर्यंत एकदा स्वतः चालत जाऊन यावे. आम्ही एका रविवारी मुलीला घेऊन सहा शाळांपर्यंत चाललो आणि त्यानंतर यादीतल्या दोन शाळा काढून टाकल्या.

अंतराचा प्रश्न किती नाजूक आहे, हे त्याच्या आदल्या वर्षी सर्वांनी पाहिले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा आहे तिला या प्रवेशांतून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला. त्या गोंधळात अनेक मुलांचे प्रवेश शाळा सुरू झाल्यानंतरही लोंबकळत राहिले. त्या मानाने आमच्या वर्षी वेळापत्रक लवकर आले, याचे श्रेय दिलेच पाहिजे.

सोडत १० फेब्रुवारीला झाली. राज्यभरात सुमारे १ लाख ९ हजार जागांसाठी ३ लाखांहून अधिक अर्ज होते. आमच्या मुलीचे नाव पहिल्या यादीत नव्हते, प्रतीक्षा यादीत होते. ते दिवस कठीण गेले. मोबाइलवर संदेश येतो, पण केवळ संदेशावर विसंबू नये, अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्थिती स्वतः पाहावी, अशी सूचना दिलेली असते आणि ती अगदी योग्य आहे. घर बदलताना आमच्यासारखे बरेच लोक मोबाइल क्रमांक किंवा कंपनीही बदलतात. प्रवेश पूर्ण होईपर्यंत तसे करू नये. मी रोज सकाळी चहा ठेवला की अर्ज क्रमांक टाकून पाहत असे. मार्चमध्ये एके दिवशी तिथे शाळेचे नाव दिसले. आमच्या पसंतीची, सांगवीच्याच बाजूची, गल्लीच्या तोंडाशी असलेलीच शाळा होती.

पडताळणी समितीसमोरचा अनुभव चांगला होता. समोरच्या बाईंनी मूळ जन्मदाखला, जातप्रमाणपत्र आणि भाडेकरार पाहिला, कराराची नोंदणी तारीख अर्जाच्या तारखेशी ताडून पाहिली आणि मग आधारकार्डावर दापोडी कसे, असे विचारले. आम्ही नुकतेच घर बदलल्याचे सांगितले. त्यांनी करारावरील विंगचे अक्षर आणि अर्जातील पत्ता पुन्हा एकदा बोट ठेवून वाचला आणि सही केली. शाळेतही देणगीचा विषय निघाला नाही, मुलीची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत झाली नाही. कायद्याच्या कलम १३ ने या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे आणि ती मनाई इथे खरोखर पाळली गेली.

एकूण ही सेवा माझ्या मते उत्तम हेतूची आणि बऱ्याच अंशी प्रामाणिकपणे चालणारी आहे. तिच्यात सुधारणा हवी असेल तर पत्त्याच्या बाबतीत हवी. कराराची तारीख अर्जापूर्वीची असण्याची अट गैरवापर रोखण्यासाठी आहे हे मला मान्य आहे, परंतु अर्ज आणि पडताळणी यांच्यामध्ये घर बदलावे लागलेल्या कुटुंबाला पत्ता कळवण्याची एक अधिकृत खिडकी असायला हवी. आज भाडेकरूंचे अकरा महिने कधी संपतील आणि सोडत कधी निघेल, यांचा मेळ बसणे पूर्णपणे नशिबावर आहे.

आणखी एक गोष्ट घर बदलणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. या कायद्याखाली एकदा प्रवेश घेतलेल्या बालकासाठी पुन्हा अर्ज करता येत नाही. आठवीपर्यंतचे मोफत शिक्षण त्या शाळेतच आहे, उद्या लांब राहायला गेलो तर ती जागा आपल्याबरोबर येत नाही. आमचा करार डिसेंबरात संपतो. काकांनी नूतनीकरणाची तयारी दाखवली आहे, तरी मी आतापासूनच याच गल्लीतल्या रिकाम्या होणाऱ्या घरांची चौकशी करून ठेवते आहे.