व्हिटबॅरोसाठी ओएल ७ नकाशा: गडग्यांसाठी घ्यावा

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टला येणारे बहुतेक जण उंच शिखरांकडे जातात, म्हणून दक्षिणेची व्हिटबॅरो ही चुनखडीची टेकडी शांत राहिली आहे. तिचा माथा, लॉर्ड्स सीट, २१५ मीटरच. पण वर लांबलचक पठार आहे, पायवाटा गवतात विरतात आणि दक्षिण टोकाला व्हाइट स्कारचा उभा कडा आहे. धुक्यात इथे अंदाजाने चालू नये.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या एक्सप्लोरर मालिकेतला ओएल ७ घ्यावा. प्रमाण १:२५,०००, म्हणजे ४ सेंटिमीटरला १ किलोमीटर. त्यांच्याच लँडरेंजर मालिकेतला १:५०,००० चा नकाशा जास्त मुलूख दाखवतो, पण त्यात कुरणांच्या हद्दी नसतात. इथे हद्द म्हणजे चुना-मातीशिवाय रचलेला दगडी गडगा. वाट दिसेनाशी झाली तरी गडगा धुक्यातही हाताला लागतो, आणि तो नकाशात सापडला की आपली जागा कळते. एवढ्यासाठीच ओएल ७ चे पैसे वसूल होतात. मात्र गडगा ओलांडायचा तो पायऱ्या किंवा फाटक असेल तिथेच. वरचा एक दगड निखळला की पुढची रचना ढासळू लागते.

हिरव्या तुटक रेषांना लोक हमखास फसतात. ती रेषा चालण्याचा कायदेशीर हक्क सांगते, जमिनीवर वाट दिसेलच असं नाही. काळी तुटक रेषा नेमकी उलटी: वाट आहे, पण तिथे हक्क असेलच असं नाही. फिकट पिवळ्या भागात वाट सोडूनही पायी फिरता येतं. तिथे कुत्रा सोबत असेल तर १ मार्च ते ३१ जुलै त्याचा पट्टा २ मीटरपेक्षा लांब नको.

नकाशा काय सांगत नाही, तेही महत्त्वाचं. पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने चुनखडीच्या सांध्यांत खोल भेगा पडतात. त्यांवर नेचे आणि गवत माजलं की भेग दिसत नाही, पाय अडकून घोटा मुरगळतो. ओला कातळ तर फारच निसरडा. अशा पट्ट्यात नेहमीच्या निम्म्या वेगाचा हिशेब धरा. लहान कातळटप्पे समोच्च रेषांच्या अंतरात लपतात, म्हणून झाडीतून आडवाटेने उतरू नका. पाणी याच भेगांतून खाली जातं, त्यामुळे माथ्यावर ओढा शोधत बसण्यापेक्षा माणशी दीड-दोन लिटर खालूनच न्या.

कागदी प्रत घड्यांच्या चौफुलीवर आधी फाटते, आणि वाऱ्यात ती पूर्ण उघडणं अवघड. हवा तेवढा भाग वर ठेवून घडी घाला, प्लास्टिकच्या पाकिटात सरकवा. पावसाळी दिवसांत वारंवार जाणार असाल तर जलरोधक आवृत्ती घ्या. नव्या प्रतीत खरवडून काढायचा कोड असतो. तो ऑर्डनन्स सर्व्हेच्या ॲपमध्ये टाकून नकाशा घरीच डाउनलोड करा. जुनी प्रत घेताना तो भाग खरवडलेला नाही ना, ते आधी पाहा.